लिनक्सच्या लॉगिन नोंदींत अनोळखी आयपी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंबड-सातपूरच्या वर्कशॉपांमधले, पिंपळगावकडच्या एका द्राक्ष पॅकहाउसमधले आणि नाशिक शहरातल्या काही ऑफिसांमधले लिनक्स सर्व्हर मी बघतो. महिन्यातून दोन-तीनदा कोणाचा तरी फोन येतो, आवाज खाली आणलेला असतो: "साहेब, लॉगमध्ये एक नंबर दिसतोय, आपला वाटत नाही." प्रश्न तेच ते, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. कमांड आणि फाइलींची नावं इथे आपण तोंडाने बोलतो तशी लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं. उदाहरणांत २०३.०.११३ आणि १९८.५१.१०० ने सुरू होणारे आयपी (नेटवर्कवरच्या मशीनचे पत्ते) आहेत, ते मुद्दाम उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहेत. त्यांना ब्लॉक करत बसू नका.

"लास्ट" चालवलं तर एक आयपी ओळखीचा नाही. सर्व्हर हॅक झाला का?

आधी एवढंच बघा, की दार उघडलं होतं का. कोणी कडी वाजवून गेला आणि कोणी घरात येऊन बसला, यात फरक आहे. लिनक्स या दोन्हींच्या नोंदी वेगळ्या ठेवतं. यशस्वी लॉगिन "डब्ल्यूटीएमपी" फाइलीत जातात आणि "लास्ट" तीच वाचून दाखवतं. फसलेले प्रयत्न "बीटीएमपी" मध्ये जातात, ते बघायला "लास्टबी" लागतं आणि त्यासाठी रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याचा, अधिकार हवा. या क्षणी आत कोण आहे ते "डब्ल्यू" किंवा "हू" सांगतं.

अनोळखी आयपी नुसता "लास्टबी" मध्ये असेल तर चहा संपवून मग बघितलं तरी चालेल. "लास्ट" मध्ये असेल तर आधी बघा, चहा नंतर.

"लास्टबी" मध्ये हजारो ओळी आहेत. आमच्या एवढ्याशा कारखान्यामागे कोण लागलं आहे?

कोणी नाही. ज्या सर्व्हरचा २२ नंबरचा पोर्ट, म्हणजे एसएसएचने दुरून लॉगिन करायचं दार, इंटरनेटकडे उघडा आहे त्याच्यावर दिवसरात्र यंत्रं नावं आणि पासवर्ड मारून बघत असतात. त्यांना तुमच्या कारखान्याचं नावही माहीत नसतं. ती रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट, ओरॅकल, उबुंटू अशी नावं लावून बघतात. लॉगमध्ये ते "फेल्ड पासवर्ड फॉर इनव्हॅलिड यूजर अ‍ॅडमिन" असं दिसतं. त्यातला "इनव्हॅलिड यूजर" हा भाग दिलासा देणारा आहे: असं खातं तुमच्याकडे नाहीच.

चिंता करायची ती खऱ्या नावांची. तुमच्या हिशेबनीसाच्या खात्याचं नाव कोणी बाहेरचा नेमकं वापरत असेल, तर ते नाव त्याला कुठून तरी मिळालं आहे. आणि एकाच आयपीवरून शंभर "फेल्ड" नंतर एक "अ‍ॅक्सेप्टेड" दिसलं, तर हा प्रश्न सोडा आणि थेट खाली "खरंच कोणीतरी आत आलं होतं" इथे जा.

"लास्ट"ची ओळ वाचायची कशी?

डावीकडून खात्याचं नाव, मग टर्मिनल, मग कुठून आला, मग वेळ. टर्मिनलच्या जागी "टीटीवाय१" असेल तर माणूस प्रत्यक्ष मशीनपुढे बसलेला होता. "पीटीएस/०" असेल तर बहुधा एसएसएचने आला किंवा स्क्रीनवर टर्मिनलची खिडकी उघडली. शेवटी "स्टिल लॉग्ड इन" म्हणजे अजून आत आहे. "क्रॅश" वाचून घाबरू नका. वीज गेली आणि यूपीएसनेही दगा दिला की लॉगआउटची नोंद होत नाही, तेव्हा तो शब्द येतो.

नुसतं "लास्ट" चालवू नका, "-आय" लावा. एरवी त्या रकान्यात कधी आयपी तर कधी होस्टचं नाव येतं, आणि जागा जेमतेम १६ अक्षरांची असल्याने लांब नाव मधेच तुटतं. मोठ्या लिपीतला "-एफ" लावलात तर वर्षासकट पूर्ण वेळ मिळते. एका गृहस्थांनी मला "५.१५.०-९१" हा आयपी कुठल्या देशाचा म्हणून विचारलं होतं. ती "रीबूट" ची ओळ होती आणि तो कर्नलचा आवृत्ती क्रमांक होता. हसू नका, मीही सुरुवातीला तिथेच अडखळलो होतो.

सगळ्यात खाली "डब्ल्यूटीएमपी बिगिन्स" अशी एक ओळ असते. बहुतेक ठिकाणी ही फाइल दर महिन्याला बदलली जाते, जुनी तिच्या शेजारी ".१" लावून पडलेली असते. मागच्या महिन्यातलं बघायचं तर "लास्ट -एफ" लिहून पुढे त्या फाइलीचा पत्ता द्या. हा "एफ" छोटा.

आयपी १९२.१६८ ने सुरू होतो. हा बाहेरचा का?

नाही, आतला. १० ने सुरू होणारे, १९२.१६८ चे, आणि १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आयपी खाजगी आहेत, ते इंटरनेटवरून थेट येऊच शकत नाहीत. १७२ ला मात्र जपा, १७२.६७ बाहेरचा आहे. १७२.१७ दिसलं आणि सर्व्हरवर डॉकर (एकाच मशीनवर कंटेनर नावाचे वेगळे कप्पे चालवणारा प्रोग्राम) असेल, तर बहुधा एखाद्या कंटेनरमधून कोणीतरी आलं आहे. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा इंटरनेट कंपन्यांना अनेक ग्राहक एका आयपीमागे बसवता यावेत म्हणून २०१२ मध्ये राखून दिला. टेलस्केल हे व्हीपीएन (इंटरनेटवरून खाजगी रस्ता काढणारं साधन) वापरत असाल तर तेही याच पट्ट्यातले आयपी वाटतं.

पण "आतला" म्हणजे "आपला" असं नाही. वायफायचा पासवर्ड कँटीनपर्यंत पोचलेला असतो. आणि एक सापळा फार ठिकाणी पाहिला: सगळीच लॉगिन १९२.१६८.१.१ वरून आलेली दिसतात. तो राउटर आहे. काही राउटर बाहेरून आलेलं कनेक्शन पुढे ढकलताना त्यावर स्वतःचाच पत्ता चिकटवतात, म्हणून जगातला कोणीही आला तरी लॉगमध्ये राउटरच दिसतो. अशा ठिकाणी सर्व्हरच्या लॉगवरून काही कळणार नाही. राउटरचं सेटिंग दुरुस्त करा, नाहीतर पोर्ट बंद करून व्हीपीएन लावा.

हूइजमध्ये मुंबई दाखवतंय. आमचं कोणीच मुंबईत नाही!

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि सगळ्यात जास्त गोंधळ यातच होतो.

हूइज आयपीचा मालक सांगतं, वापरणारा नाही. आशिया-पॅसिफिकचे आयपी एपनिक ही संस्था वाटते, भारतात तेच काम आयआरआयएनएन बघतं. त्यांच्या नोंदीत इंटरनेट कंपनीचा कार्यालयाचा पत्ता असतो. सातपूर कॉलनीत बसून मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून लॉगिन केलंत तरी तिथे मुंबई किंवा दिल्ली येऊ शकते. नकाशावर आयपी दाखवणाऱ्या साइटीही अंदाजच बांधतात. मोबाइल कंपनीची वाहतूक ज्या शहरातून इंटरनेटवर पडते, बरेचदा ते शहर दिसतं. देश बहुतेक वेळा बरोबर निघतो, शहरावर पैज लावू नका.

मी लावली होती. द्राक्षांचा हंगाम ऐन भरात, रात्री पावणेबाराला पॅकहाउसच्या सर्व्हरवर एक लॉगिन आलं, मोबाइल कंपनीचा आयपी, नकाशावर मुंबई. मी शूरपणे तो सगळा पट्टाच फायरवॉलमध्ये बंद केला, पासवर्ड बदलला आणि झोपलो. सकाळी सहाला फोन. निर्यातीची कागदपत्रं बघणारा पोरगा कंटेनरबरोबर न्हावा शेवाला गेला होता, फोनवरून पॅकिंग लिस्ट काढत होता आणि त्याला मधेच बाहेर फेकलं गेलं. गाडी रात्रभर उभी. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला: आधी "अ‍ॅक्सेप्टेड" का "फेल्ड" ते बघायचं, मग खातं कोणाचं ते बघायचं, मग त्या माणसाला फोन करायचा. हूइज त्यानंतर.

फोनवर "तू लॉगिन केलं होतंस का?" असं विचारू नका, घाबरून "नाही" म्हणतात. "काल रात्री पावणेबाराला कुठे होतास रे?" असं विचारा.

आयपीच्या जागी मोठंच्या मोठं काहीतरी आहे, मधे दोन-दोन टिंबं.

आयपीव्ही६. मोबाइल नेटवर्कवर हे आता सर्रास आहे. २४०९:४० ने सुरू होणारा दिसला तर बहुधा जिओ. फोनच्या आयपीव्ही६चा मागचा अर्धा भाग बदलत राहतो, त्यामुळे तुलना करताना पुढचे चार गटच बघा. "::१" म्हणजे मशीन स्वतःच, आणि एफई८० ने सुरू होणारा त्याच वायरीवरचा शेजारी.

लॉगिन पहाटे ३.४० चं आहे. त्या वेळी आमच्याकडे कुत्रंही जागं नसतं.

सर्व्हर क्लाउडवर आहे ना? मग त्याचं घड्याळ बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आहे. साडेपाच तास मिळवा: सकाळचे ९.१०. कोणीतरी ऑफिसात येऊन पहिलं काम म्हणून लॉगिन केलं. "टाइमडेटसीटीएल" चालवलं की सर्व्हर कुठल्या वेळेवर चालतो ते कळतं. उलटंही होतं बरं का: लॉगमध्ये रात्रीचे १० वाजलेले बघून "असेल कोणी उशिरा बसलेला" म्हणून सोडून देतात, आणि प्रत्यक्षात ती पहाटे साडेतीनची वेळ असते.

"लास्ट" मध्ये कोणीच नाही, तरी फाइली बदलल्या आहेत.

"लास्ट" सगळं सांगत नाही, हे पुष्कळ अनुभवी लोकांनाही माहीत नसतं. एसएसएच तिथे नोंद करतं ते समोरच्याने टर्मिनल मागितलं तरच. कोणी एससीपी किंवा एसएफटीपीने फाइल उचलली, किंवा लॉगिन न करता एकच कमांड दुरून चालवली, तर "लास्ट" कोरं राहतं. बोगदा करून तुमच्या सर्व्हरमधून पुढे दुसरीकडे गेला तरी तेच.

खरी वही म्हणजे ऑथेंटिकेशनचा लॉग. डेबियन-उबुंटूत "ऑथ डॉट लॉग", रेड हॅट, रॉकी, अल्मा यांत "सिक्युअर", दोन्ही व्हार-लॉग फोल्डरात. त्यात "अ‍ॅक्सेप्टेड" हा शब्द ग्रेप या शोधायच्या कमांडने शोधा. जुन्या दाबून ठेवलेल्या फाइलींसाठी झेडग्रेप. ओळ साधारण अशी निघते: "अ‍ॅक्सेप्टेड पासवर्ड फॉर स्टोअर फ्रॉम २०३.०.११३.४५ पोर्ट ५१२०४ एसएसएच२". आयपी, वेळ आणि पोर्ट तिन्ही लिहून घ्या. एका आयपीमागे शेकडो मोबाइल असतात, पुढे इंटरनेट कंपनीकडे चौकशी गेलीच तर त्या पोर्टशिवाय त्यांनाही माणूस सापडत नाही.

ती फाइलच नाही आमच्याकडे.

२०२३ च्या डेबियन १२ पासून आरसिसलॉग (लॉगच्या फाइली लिहिणारा प्रोग्राम) आपोआप बसत नाही, त्यामुळे "ऑथ डॉट लॉग" तयारच होत नाही. सगळं सिस्टमडीच्या (सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या व्यवस्थेच्या) जर्नलमध्ये असतं: "जर्नलसीटीएल -यू एसएसएच", आणि रेड हॅटच्या घराण्यात शेवटी "एसएसएचडी". २०२५ च्या डेबियन १३ मध्ये तर "लास्ट", "लास्टबी" आणि "लास्टलॉग" जुन्या रूपात राहिलेच नाहीत. जुन्या फाइलींतली वेळ ३२ बिटांची, ती १९ जानेवारी २०३८ ला संपते. म्हणून तिथे आता डब्ल्यूटीएमपीडीबी आणि लास्टलॉग२ आहेत. सर्व्हर नवा केल्यावर "लास्ट" सापडेना म्हणून कोणी पुसलं असं समजू नका.

"अ‍ॅक्सेप्टेड पब्लिककी" असं आहे. किल्ली कोणाची ते कळतं का?

किल्ली म्हणजे पासवर्डऐवजी लॉगिनला वापरायची फाइल. ती कोणाची ते कळतं, आणि आयपीपेक्षा हा पुरावा मला जास्त भरवशाचा वाटतो. त्या ओळीच्या शेवटी "एसएचए२५६" लिहून पुढे किल्लीचा ठसा असतो. सर्व्हरवर त्या खात्याच्या "ऑथराइज्ड कीज" फाइलीवर "एसएसएच-कीजेन -एलएफ" चालवा. प्रत्येक किल्लीचा ठसा आणि शेजारी तिच्यावरची टीप छापून येते. दोन्ही ठसे जुळवा. आयपी रोज बदलेल, किल्ली बदलत नाही.

ठसा तुमच्याच माणसाचा निघाला आणि तो मात्र शपथेवर "मी नव्हतो" म्हणतोय, तर त्याचा लॅपटॉप तपासा. आणि फाइलीत अशी एखादी किल्ली सापडली की जी कोणाचीच नाही, तर मग प्रश्न आयपीचा राहत नाही.

खरंच कोणीतरी आत आलं होतं. आता काय?

अंबडच्या एका वर्कशॉपमधली गोष्ट सांगतो, कारण त्यात मी जे चुकलो तेच बहुतेक जण चुकतात. मशीन बसवायला आलेल्या तंत्रज्ञाने "टेस्ट" नावाचं खातं काढलं होतं, पासवर्डही "टेस्ट". तो गेला, खातं राहिलं. एका रविवारी रात्री १९८.५१.१०० सारख्या कुठल्याशा परक्या आयपीवरून "अ‍ॅक्सेप्टेड". कळलं कसं, तर वॉचमनने सोमवारी सांगितलं की ऑफिसातला सर्व्हरचा डबा रात्रभर गिरणीसारखा घरघरत होता. कोणीतरी त्यावर क्रिप्टोचं खाणकाम लावलं होतं.

मी प्रोसेस मारली, खातं उडवलं, मशीन रीबूट केलं आणि बिल लावलं. तिसऱ्या दिवशी पंखा परत घरघरला. दुसऱ्याच एका खात्याच्या क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत) एक ओळ होती आणि रूटच्या "ऑथराइज्ड कीज" मध्ये एक परकी किल्ली. रीबूट करून मी मेमरीतला आणि तात्पुरत्या फोल्डरातला पुरावाही घालवून बसलो होतो.

म्हणून आता असं करतो. मशीन बंद करायचं नाही, नेटवर्कची वायर काढायची. क्लाउडवर असेल तर फायरवॉलने सगळ्यांना बंद करून फक्त स्वतःचा आयपी ठेवायचा आणि स्नॅपशॉट (सर्व्हरची जशीच्या तशी प्रत) घ्यायचा. मग "डब्ल्यू", "पीएस", "एसएस -टीएनपी" यांचं जे काही छापून येईल ते आणि सगळे लॉग पेन ड्राइव्हवर घ्यायचे. त्यानंतर शोध: पासवर्ड फाइलीत शून्य यूआयडीचं, म्हणजे रूटइतक्याच अधिकाराचं, रूटशिवाय दुसरं खातं आहे का, प्रत्येक खात्याच्या किल्ल्या, क्रॉन, सिस्टमडीच्या नव्या सर्व्हिस, सुडोच्या (रूटच्या अधिकाराने चालवलेल्या कमांडच्या) नोंदी. हा शोध काय झालं ते समजण्यासाठी. सर्व्हर साफ झाला असं ठरवण्यासाठी नाही. रूटपर्यंत पोचल्याचा संशय असेल तर सर्व्हर नव्याने बसवा, घुसखोरीच्या आधीच्या बॅकअपमधून फक्त डेटा आणा, आणि त्या मशीनवर जे जे पासवर्ड पडलेले होते, डेटाबेसचे, ईमेलचे, ते सगळे बदला.

मालक लोक इथे "गप्प बसा, बोभाटा नको" म्हणतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी असा अनधिकृत प्रवेश लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचा आहे आणि लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. महिन्याने बदलणारी फाइल त्यात बसत नाही. लॉगरोटेटचं (लॉगच्या फाइली बदलणाऱ्या प्रोग्रामचं) सेटिंग आजच बघा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन.

आत आलेला माणूस नोंदी पुसू शकतो का?

रूट मिळालं असेल तर हो. डब्ल्यूटीएमपी बायनरी आहे एवढंच, अभेद्य नाही; "यूटीएमपीडंप" ने ती मजकुरात काढून परत भरताही येते. तोच लॉग दुसऱ्या मशीनवर त्याच क्षणी पाठवला जात असेल तर मात्र पुसणं अवघड. एक जुना पीसी कोपऱ्यात ठेवला तरी पुरतो. लॉगमध्ये मधलेच काही तास गायब असणं ही स्वतःच एक नोंद आहे.

त्या आयपीची खोडी मोडता येईल का?

उलट स्कॅन करू नका, घुसायचा प्रयत्न तर नाहीच. बहुतेक वेळा तो आयपीही कोणा बिचाऱ्याच्या लागण झालेल्या राउटरचा नाहीतर भाड्याच्या सर्व्हरचा असतो, आणि विनापरवानगी घुसणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६ खाली गुन्हा आहे, तुमच्यासाठीसुद्धा. हूइजमध्ये तक्रारीसाठीचा ईमेल असतो. वेळ, टाइमझोन आणि लॉगच्या चार ओळी जोडून तिथे पाठवा. उत्तर येईलच असं नाही.

फेलटूबॅन लावलं आहे. पुरे का?

फेलटूबॅन वारंवार चुकणाऱ्या आयपीला काही वेळ बंदी घालतं. गोंगाट कमी होतो, दार मजबूत होत नाही. मूळ सेटिंगमध्ये १० मिनिटांत ५ चुका झाल्या की १० मिनिटं बंदी, आणि हल्लेखोर रोज नवे आयपी आणतात. पासवर्डने लॉगिनच बंद करा, किल्ल्या ठेवा, रूटला थेट येऊ देऊ नका. पोर्ट २२ वरून हलवला तर लॉग वाचायला सोपे होतात, तेवढ्यापुरता फायदा. जुलै २०२४ च्या ओपनएसएसएच ९.८ पासून लॉगमध्ये "एसएसएचडी"च्या जागी "एसएसएचडी-सेशन" येतं, तेव्हा जुनं फेलटूबॅन आंधळं झालं नाही ना तेही तपासा. आणि वर सांगितलेला राउटरचा सापळा तुमच्याकडे असेल तर फेलटूबॅन राउटरलाच बंदी घालतं, मग सगळेच बाहेर.

आमचा आयपी रोज बदलतो. मग ओळखीच्या आयपींची यादी ठेवून काय करायचं?

आयपींची ठेवू नका, माणसांची ठेवा. कोणतं खातं कोणाचं, त्याची किल्ली कोणती, तो साधारण कुठून येतो. एका पानात मावतं. पॅकहाउसवाल्यांनी तर व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुपच केला आहे. हंगामात रात्री-बेरात्री त्यावर मेसेज येतो: "पोर्टवर आहे, लॉगिन माझंच, तोडू नका."